कुरूप, नाडीचा वळ आणि ‘आता या वयात कशाला?’

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाऱ्यावर उन्हात लोळणारे गोरे पर्यटक येतात. ही समजूत अगदीच बिनबुडाची नाही. भारतात आढळणाऱ्या एकूण कॅन्सरांत त्वचेच्या कॅन्सरचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपासच आहे आणि त्याचं बरंचसं श्रेय आपल्या सावळ्या कातडीतल्या मेलॅनिनला जातं. पण कमी आढळतो म्हणूनच तो समोर असूनही ओळखू येत नाही. बाबांच्या नाकावरची खपली ‘चष्म्याने घासलं’ म्हणून असते, आईच्या तळव्यावरचा काळा डाग ‘कुरूप’ असतो आणि मधुमेह असेल तर न भरणाऱ्या प्रत्येक जखमेचं खापर साखरेवर फुटतं. दहांतल्या नऊ वेळा हे खरंही असेल. उरलेल्या एका वेळी घरातली ही समजूत जेवढा वेळ खाते, तेवढा पुढे कुठलीच रांग खात नाही.

‘आपल्या रंगाला होत नाही, आणि झालाच तर उन्हाने होतो’

त्वचेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा बहुधा चेहऱ्यावर होतो, उन्हाशी त्याचं जवळचं नातं आहे, आणि तो शरीरात दुसरीकडे पसरणं अतिशय दुर्मीळ. मात्र आहे तिथेच तो हळूहळू आत पोखरत जातो. नाकपुडी, पापणी, कान काहीही सोडत नाही. दुसरा स्क्वॅमस सेल. यालाही ऊन कारणीभूत असतं, पण आपल्याकडे जुनी भाजल्याची खूण, वर्षानुवर्षं वाहणारी जखम, कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायाचा व्रण अशा ठिकाणीही तो उगवतो. तिसरा मेलॅनोमा, सगळ्यांत कमी आढळणारा आणि सगळ्यांत घातक.

सावळ्या लोकांमध्ये मेलॅनोमाच्या आवडत्या जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालची कातडी. तिथे ऊन पोचतच नाही, म्हणजे उन्हाचा हिशेब इथे चालत नाही. बॉब मार्ली हा जमैकाचा जगप्रसिद्ध गायक. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळं पडलं, ते फुटबॉल खेळताना लागल्याचं समजलं गेलं. १९७७ मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं आणि १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. आपल्याकडे याच डागाला कोणी नखुरडं म्हणेल, कोणी ‘दारात बोट सापडलं असेल’ म्हणेल. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि काही महिन्यांत निघून जातं. जो काळा पट्टा सरकत नाही, रुंद होतो किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरतो, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचा.

सणासुदीला आपण आई-वडिलांच्या पाया पडतो, तेव्हा पावलं वरूनच दिसतात. तळवा त्यांना स्वतःलाही दिसत नाही. सत्तरीनंतर गुडघा दुमडून, चष्मा लावून, उजेडात पाय पाहायचा म्हणजे कसरतच. एखाद्या रविवारी नखं कापून देण्याच्या निमित्ताने तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं नीट पाहून घ्यावीत. कुरूप दाबलं की दुखतं, टणक असतं, सहसा कातडीच्याच रंगाचं असतं. त्यात काळा, निळसर किंवा लालभडक रंग मिसळलेला असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, त्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, तर त्याला कॉर्न कॅप लावत बसू नये. चार आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम हेही डॉक्टरांकडे जाण्याचं पुरेसं कारण आहे, मग साखर कितीही वाढलेली असो.

आता कमरेबद्दल. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एका शोधनिबंधात ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली होती. धोतर कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधलं की तिथली कातडी घासते, काळवंडते, जाड होते आणि क्वचित कुणाच्या बाबतीत पुढे कॅन्सर होतो. काश्मिरात फिरनच्या आत पोटाशी कांगडी धरणाऱ्यांमध्ये होणारा कॅन्सर याच जातकुळीतला, फक्त तिथे घासण्याऐवजी धग. साडीखालच्या नाडीचीही तीच गोष्ट. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्कर स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एक सत्तरीची, नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधणारी. कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी परकराशिवाय लुगडं आवळून नेसणारी; तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. नाडी बांधणाऱ्या प्रत्येकीने धास्ती घ्यावी असं यात काही नाही. कमरेवर वळ कोट्यवधी बायकांच्या असतात, कॅन्सर अगदी मोजक्यांना होतो. पण वळाच्या जागी फोड फुटून चिघळत असेल तर खोबरेल तेलावर महिने काढू नयेत. नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक लावावं आणि बांधायची जागा अधूनमधून बदलावी.

‘तुकडा काढला की चवताळतो’

बायोप्सीबद्दलची ही भीती सुशिक्षित घरांतही तेवढीच आहे. त्वचेची बायोप्सी म्हणजे भुलीचं एक इंजेक्शन, तीन-चार मिलीमीटरचा गोल तुकडा, एखाद-दुसरा टाका. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी येतो. त्यामुळे कॅन्सर पसरत नाही. हा समज रुजला कसा ते मात्र समजू शकतं. पूर्वी माणसं इतकी उशिरा दवाखान्यात पोचायची की तपासणीच्या वेळी आजार आधीच पसरलेला असे. मागाहून जे झालं त्याचा दोष मात्र सुरीवर यायचा.

खरा धोका तपासणीविना काढून टाकण्यात आहे. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, मसावर चुना लावणं, कुरूप ब्लेडने तासणं, पार्लरमध्ये किंवा एखाद्या छोट्या दवाखान्यात जाळून घेणं, या सगळ्यांत वरचा भाग जातो आणि मुळाशी काय होतं ते कळायची सोय राहत नाही. डॉक्टरांनी शरीरावरून काहीही काढलं तर ‘हे तपासायला पाठवणार ना?’ एवढं विचारायला लाजू नये. गाठ एवढीशी आहे म्हणून तुकडा कचऱ्याच्या डब्यात गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ते पाहून चीड येते, कारण वाचलेल्या पैशांत कुणाचंच भलं होत नाही.

रिपोर्ट हातात आला की घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी ‘कितवी स्टेज?’ हा प्रश्न पडतो. मेलॅनोमाच्या रिपोर्टमध्ये त्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे जाडी, म्हणजेच गाठ कातडीत किती मिलीमीटर खोल गेली आहे. विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही मोजपट्टी मांडली, ती अजून वापरात आहे. एक मिलीमीटरच्या आतला मेलॅनोमा आणि चार मिलीमीटरच्या पलीकडचा मेलॅनोमा यांची वाटचाल इतकी वेगळी असते की दोघांना एकाच नावाने घाबरणं चूक ठरतं. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आहेत का, हे विचारावं. गाठीभोवतीच्या निरोगी कातडीत कॅन्सरच्या पेशी उरलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ.

‘आता या वयात कशाला?’

हे वाक्य बहुतेकदा प्रेमापोटीच येतं. वय ऐंशी, हृदयाला एक स्टेंट, त्यात आणखी ऑपरेशन कशाला? पण त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण भूल आणि आयसीयू नव्हे. चेहऱ्यावरचा लहान बेसल सेल जागेवर भूल देऊन काढतात आणि दुपारी घरी सोडतात. शस्त्रक्रिया झेपणारच नसेल तर रेडिएशन आहे, वरवरच्या काही गाठींसाठी मलमं आहेत. पुढे गेलेल्या मेलॅनोमासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत इम्युनोथेरपी आली. तिच्यामागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं. ती महाग आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण नुसतं वय पाहून ती नाकारली जात नाही. केस गळणं, उलट्या, वाळून गेलेला देह हे सिनेमातलं चित्र केमोथेरपीचं आहे. त्वचेच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांवर केमोची वेळच येत नाही.

अर्थात उपचार न करणं हाही कधीकधी योग्य निर्णय असतो. नव्वदीचं अशक्त माणूस, पाठीवरचा संथ बेसल सेल, त्रास काही नाही. अशा वेळी ‘लक्ष ठेवू’ असं डॉक्टर स्वतःच म्हणू शकतात. पण तो निर्णय तपासणीनंतरचा आणि ज्याचा देह आहे त्याच्या संमतीचा असावा. जेवणाच्या टेबलावर मुलगा-सून-जावयाने परस्पर ठरवलेला नसावा. पापणीजवळचा किंवा नाकावरचा बेसल सेल वय झालं म्हणून सोडून देणं मला निष्काळजीपणा वाटतो. तो जीव घेत नाही, पण उरलेल्या वर्षांत डोळा घेऊ शकतो.

एक व्यवहाराची गोष्ट: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ऑपरेशन ठरलं की शेजारचं कुणीतरी सांगतं, ‘आठवडाभर इकोस्प्रिन बंद करा.’ परस्पर बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसात ते जिवावर बेतू शकतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सर्जनसमोर ठेवावीत आणि ते म्हणतील तसं करावं.

गाठ मोठी असेल तर मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. घरच्यांचं सगळं लक्ष मूळ जखमेकडे असतं आणि आई मात्र मांडी धरून बसते, कारण पहिले काही दिवस कातडी काढलेली ती जागाच जास्त ठणकते. असं होणारच, हे आधी सांगून ठेवलं तर तिला वाटत नाही की काहीतरी बिघडलंय. ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नये. हळद, कोरफड, विभूती, कशाचंच तिथे काम नाही.

‘शिवू नका, वेगळं ताट ठेवा’

त्वचेवरचं काही दिसलं की संसर्गाची भीती येतेच. त्वचेचा कॅन्सर लागट नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर माणसातून किरण बाहेर पडत नाहीत. आजोबा नातवाला खुशाल मांडीवर घेऊ शकतात. ताटातल्या पथ्याचंही तसंच: साखर, दूध, गहू बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, म्हातारं माणूस मात्र खंगतं आणि जखम भरायला लागणारं प्रथिन कमी पडतं. मधुमेह असेल तर पथ्य मधुमेहाचं पाळावं.

‘त्यांना सांगू नका, खचतील’

बाबा डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी मुलगा धावत आत येतो आणि हळूच सांगतो, ‘डॉक्टर, बाबांसमोर तो शब्द काढू नका.’ हा प्रसंग कुठल्याही कॅन्सरच्या ओपीडीत रोज घडतो. मग बाबांना ‘साधी गाठ आहे’ असं सांगितलं जातं आणि टाटाच्या गेटवरची पाटी त्यांनी वाचलीच नसेल, असं सगळे मिळून गृहीत धरतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला, गिरणीत युनियन चालवलेला, घर बांधलेला माणूस अचानक लहान मूल ठरतो.

त्यांना बहुधा कळलेलं असतंच. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही बोलत नाहीत. दोन्ही बाजूंनी एकमेकांना जपणं चालतं आणि कामाचं काहीच ठरत नाही: ऑपरेशनला होकार कोणाचा, बँकेचं काय, बहिणीला बोलवायचं का. शिवाय ‘साधी गाठ’ असेल तर पंचवीस दिवस रेडिएशनला का जायचं, हे त्यांना कळत नाही आणि दहाव्या दिवशी ते नाही म्हणतात.

कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. सज्ञान, समजउमज असलेल्या रुग्णाची संमती त्याने स्वतः द्यायची असते. एक रुग्ण स्त्री बेशुद्धावस्थेत असताना, तातडीची गरज नसताना तिच्या आईने दिलेल्या संमतीवर केलेली मोठी शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात अवैध ठरवली. मुलाच्या सहीने आईची संमती होत नाही, हे त्यातून ओघानेच आलं.

म्हणून काय एका दमात सगळं सांगून मोकळं व्हायचं? नाही. आधी त्यांनाच विचारावं, ‘बाबा, डॉक्टर सांगतील ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मी ऐकून थोडक्यात सांगू?’ काहीजण म्हणतील, तूच बघ. तेही उत्तर त्यांचंच. काहीजण असे प्रश्न विचारतील की आपल्यालाच घाम फुटेल. केबिनमध्ये डॉक्टरांची नजर तरुण माणसाकडे वळते, तेव्हा ‘त्यांना सांगा, मी ऐकतो’ असं म्हणून खुर्ची थोडी मागे घ्यावी. कमी ऐकू येत असेल तर कानाचं यंत्र चालू आहे ना, बॅटरी भरलेली आहे ना, हे घरीच पाहून निघावं. निम्म्या वेळा ‘त्यांना काही समजत नाही’ याचा अर्थ ‘त्यांना ऐकू आलं नाही’ एवढाच असतो.

‘टाके निघाले, सुटलो’

खर्चाची बाजू आधी सांगून टाकतो. सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर काढता येतं; वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्याहून लहान वयाच्यांसाठी राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. निवडलेलं रुग्णालय योजनेत आहे का आणि तो उपचार यादीत आहे का, हे भरतीआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारावं, नंतर नाही. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालय भरून देतं. परळला उपचारासाठी येणाऱ्या गावाकडच्या कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ठाऊक असतेच. तिथे जागा मिळेल का, याची चौकशी निघण्याआधी करावी.

टाके निघाल्यावर मात्र कामाचा दुसरा भाग सुरू होतो. एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि स्क्वॅमस सेल किंवा मेलॅनोमा परतला तर बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. त्यामुळे सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं. घरी जुन्या खुणेभोवती नवी गाठ येते का ते पाहायचं, पायाचा कॅन्सर असेल तर जांघ आणि हाताचा असेल तर काख चाचपायची. दर वेळी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवला की ‘आधीपासून एवढंच होतं’ यावर वाद होत नाहीत. रुग्णालय बदलायची वेळ आली तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथून बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्यायच्या. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, रुग्णाची सही लागते आणि मिळायला एक-दोन दिवस जातात, म्हणून गाडीचं तिकीट त्यानंतरचं काढावं.