टांकसाळीचे दोन्ही छापे

मुंबईच्या कोटात, टाऊन हॉलच्या शेजारी उभी असलेली सरकारी टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या आराखड्याबरहुकूम बांधली गेली आणि वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडू लागली. त्यापूर्वी या मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत आणि परगावचा रुपया सराफाने बट्टा कापल्यावाचून सहसा मोडून मिळत नसे. 1835च्या कायद्याने कंपनीच्या अंमलाखालील प्रदेशासाठी 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया मुक्रर केला, तेव्हा सराफाच्या पारखीची जागा सरकारच्या ठशाने घेतली.

नाणी रिझर्व्ह बँक काढते हा समज सार्वत्रिक असला तरी तो खरा नाही. बँकेकडे केवळ वितरण आहे, आणि नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. नव्या नाण्याचा धातू, आकार, व्यास, वजन आणि दोन्ही बाजूंचे चित्र यांना मंजुरी मिळून ती राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागतात.

खरे कौशल्य त्यापुढचे. मंजूर चित्रावरून नाण्याच्या कितीतरी पट मोठा प्लास्टरचा नमुना घडवतात, आणि एका अंगाने त्या नमुन्यावरून सुई फिरवीत दुसऱ्या अंगाने पोलादात तेच रूप लहान करून कोरणारे यंत्र मूळ ठसा तयार करते. आता या कामात संगणकही आला आहे. उठाव मात्र उथळच ठेवावा लागतो, कारण तो खोल असला तर एका दाबात धातू कोपऱ्याकोपऱ्यांत भरत नाही, आणि मूर्तिकाराचा हात येथे बांधला जातो तो याच अडचणीने. पत्र्यातून कापलेल्या चकत्यांच्या कडा उचलून, त्या तापवून मऊ करून, धुऊन दाबयंत्रात घातल्या की वरचा ठसा, खालचा ठसा आणि भोवतालची कडी यांच्यामध्ये सापडलेली चकती एकाच आघातात नाणे होते. कडेचे दातेही त्याच क्षणी उमटतात. वर्षाखाली चौकटचा ठिपका असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, साधा वाटोळा ठिपका नोएडाचा. कलकत्त्याने चिन्हाची गरजच मानली नाही.

एवढ्या कसोशीने घडलेले नाणे लोक पाहतात क्वचितच. खिशात बोटांनी चाचपून ते ओळखतात, आणि या बाबतीत आपल्या सरकारने अक्षम्य हयगय केली. 2007च्या हस्तमुद्रेच्या रुपयाचा व्यास 25 मिलिमीटर व वजन 4.85 ग्रॅम होते, आणि 2011च्या मालिकेत दोन रुपयांच्या नाण्याला नेमके तेच व्यास नि वजन देण्यात आले; दोन्ही पोलादी, दोन्ही वाटोळी. अंध माणसाने रुपया कोणता नि दोन रुपये कोणते हे कसे ठरवावे, याचा विचार मंजुरी देणाऱ्यांपैकी कोणी केला असेल असे वाटत नाही. 2019च्या मालिकेत मोल वाढेल तसे वजन वाढत गेले आणि वीस रुपयांचे नाणे बारा कोनांचे झाले; ही सुधारणा स्तुत्य असली तरी जुनी नाणी चलनात आहेतच.

दुसरा दोष हौसेचा आहे. दहा रुपयांच्या नाण्याचे इतके प्रकार निघाले की दुकानदार ते नाकारू लागले, आणि जानेवारी 2018मध्ये रिझर्व्ह बँकेला चौदाही प्रकार वैध असल्याचा खुलासा करावा लागला. स्मरणार्थ नाणी संग्राहकांसाठी वेगळी काढावीत. बाजारात एका मोलाचे एकच नाणे असावे. तोवर वाचकांनी दहाचे नाणे, त्यावर कोणतेही चित्र असो, निःशंकपणे घ्यावे.