फिशू

फिशू हे गळा, खांदे व छातीचा वरचा भाग झाकण्यासाठी युरोपातील स्त्रिया वापरत असलेले वस्त्र होय. अठराव्या शतकात फ्रान्स, इंग्लंड आणि उत्तर अमेरिकेतील वसाहतींत ते विशेष प्रचलित होते. ‘खोवणे’, ‘बसवणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हे नाव आले आहे.

स्वरूप व उपयोग

चौरस कापड तिरके दुमडून त्याचा त्रिकोण करीत. दुमडलेली कड मानेमागून घेऊन दोन्ही टोके पुढे आणली जात. ती पोशाखाच्या खोल गळ्यात खोचत, टाचण्यांनी अडकवत किंवा छातीवर एकमेकांवरून नेऊन पाठीमागे बांधत. ओढणीशी त्याची तुलना सहज सुचते; मात्र फिशू सैल न सोडता पक्के बसवले जाई.

शालीनता हे त्याचे एक प्रयोजन होते, परंतु केवळ तेवढेच नव्हे. रेशमी पोशाख वारंवार धुता येत नसत. गळ्याशी येणारा घाम व मळ हे सुटे, धुण्याजोगे कापड झेलत असे. शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे त्यामुळे उन्हापासून रक्षण होई. श्रीमंतांचे फिशू तलम मलमलीचे किंवा लेसचे, तर कष्टकरी स्त्रियांचे जाड्याभरड्या, अनेकदा चौकड्यांच्या कापडाचे असे. १७८० च्या दशकात ते छातीवर इतके फुगवून बसवण्याची प्रथा पडली, की व्यंगचित्रकारांनी त्याची यथेच्छ टिंगल केली.

भारतीय कापडाशी संबंध

सर्वांत तलम मलमल बंगालमधून, विशेषतः ढाक्याहून, युरोपात जाई. भारतीय छापील सुती कापडाची मागणी तर एवढी वाढली, की देशी रेशीम व लोकर उद्योगाच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये त्याच्या आयातीवर आणि अनुकरणावर बंदी घातली. पुढील आदेशांनी ते अंगावर घालणेही दंडनीय ठरले. तरीही चोरटा व्यापार थांबला नाही आणि १७५९ मध्ये बंदी उठवावी लागली. सॅम्युएल क्रॉम्प्टन याने १७७९ मध्ये तयार केलेल्या ‘म्यूल’ या सूतकताई यंत्रामुळे ब्रिटनमध्येच बारीक सूत निघू लागले. तेथील गिरण्यांची मलमल स्वस्त पडू लागली आणि बंगालच्या विणकरांची युरोपीय बाजारपेठ हळूहळू हातची गेली.

राज्यक्रांती व नंतरचा काळ

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील चित्रांत राणीपासून सामान्य नागरिक स्त्रीपर्यंत अनेकींच्या खांद्यांवर फिशू दिसते. जुलै १७९३ मध्ये मारा याची हत्या करणाऱ्या शार्लोत कोर्दे हिचे चित्र झां-झाक होअर या चित्रकाराने तिच्या अखेरच्या दिवसांत रेखाटले. त्यातही तिने पांढरे फिशू व टोपी घातलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुढे ओलांडून मागे बांधण्याची पद्धत पुन्हा लोकप्रिय झाली, तेव्हा तिला मारी आंत्वानेत या राणीचे नाव देण्यात आले. दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहराच्या पारंपरिक वेशात बारीक चुण्या घालून टाचण्यांनी बसवलेले फिशू सणसमारंभांत आजही वापरले जाते.