सनद आणि अंमल

यंदाच्या अंकासाठी ‘पेटंटची सनद आणि आपल्या मुलखातील शोध’ हा विषय संपादकांनी माझ्या गळ्यात घातला, त्याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझा लौकिक आहे. कोणत्याही बैठकीत संधी सापडताच हा गृहस्थ शोधक शंकर आबाजी भिसे यांच्यावर घसरतो, तेव्हा त्याला एकदाचा अर्धा फर्मा देऊन मोकळे व्हावे, असा व्यवहारी विचार त्यामागे असावा. मी घसरणार आहेच. पण थोडे पुढे गेल्यावर.

कायद्याचा इतिहास सुजाण वाचकांस ठाऊक आहे. १८५६ चा पहिला कायदा, त्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांना पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळालेला पहिला एकाधिकार, राणीसरकारची पूर्वसंमती घेण्याचे राहून गेले म्हणून दुसऱ्याच वर्षी तो कायदा रद्द होऊन १८५९ साली नव्याने झालेली त्याची प्रतिष्ठापना, पुढे १८८८, १९११ आणि १९७०, एवढे टप्पे मनात असले की पुरे. आपल्याकडे ज्याकडे दुर्लक्ष होते ते त्या सनदेच्या स्वरूपाकडे. पेटंट म्हणजे सरकारने बुद्धिमत्तेस दिलेले प्रशस्तिपत्र, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही दृढ आहे. वस्तुतः तो एक करार आहे. शोधकाने आपली युक्ती, त्या धंद्यातील जाणकार मनुष्य केवळ कागद वाचून ती सिद्ध करू शकेल इतक्या तपशिलाने उघड करावी, आणि त्या मोबदल्यात सरकारने ठराविक मुदतीपुरता इतरांस तिच्या वापरास मज्जाव करावा. कागदाच्या शेवटी ज्या हक्कमागण्या असतात, त्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारख्या असतात. जमीन कितीही कसदार असो, चतुःसीमा चुकली की शेजाऱ्याचा नांगर आत आलाच. या कराराचे आणखी एक कलम असे की सनद मिळालेली वस्तू प्रत्यक्ष उत्पादनात आली पाहिजे. लेखन आणि अंमल या दोन कसोट्यांपलीकडे तिसरी कसोटी मी मानीत नाही.

या विषयावर नागपुरातून लिहिण्यास अधिकार काय, असे पुण्याचे एक मित्र मला दरवर्षी विचारतात. पेटंट कार्यालये कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे, हे खरे. परंतु जगभरच्या पेटंटांचे कागद एकत्र ठेवून मागेल त्यास त्यांचा शोध घेऊन देणारी पेटंट माहिती व्यवस्था १९८० साली केंद्र सरकारने नागपुरासच स्थापिली, आणि बौद्धिक संपदेच्या परीक्षकांस शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही आज येथेच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. छापखान्यातील उमेदवारी आणि पुढे यंत्रशाळेतील नोकरी एवढ्या पुंजीवर मी त्या कागदांकडे वळलो, आणि एखाद्या कुलपाचे, चरकाचे किंवा दिव्याच्या बर्नरचे तपशीलपत्र वाचण्यात कादंबरीहून सरस रस असतो, हे व्यसन मला तेथेच जडले. त्या कागदांत विशेषणे नसतात. कोणता दट्ट्या कोणत्या खाचेत का बसतो, एवढेच असते, आणि त्या ‘का’च्या उत्तरात लिहिणाऱ्याची सगळी बुद्धी दिसते.

हे व्यसन नसलेले काही लेखक दर दिवाळीस शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान चौपाटीवरून पुन्हा उडवतात. १८९५ सालच्या त्या कथित उड्डाणाची उंची लेखागणिक वाढते, प्रेक्षकांत संस्थानिक आणि न्यायमूर्ती अधिकाधिक संख्येने येऊन बसतात, परंतु यंत्राचा एखादा आराखडा दाखवा म्हटले की हे लेखक माझ्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेऊ लागतात. प्राचीन म्हणून ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देण्यात येतो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली, तो ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा नव्हे असा निष्कर्ष काढला, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत हेही दाखवून दिले. शोधांच्या सनदेचा १८८८ चा कायदा तळपद्यांच्या काळी अंमलात होता आणि अर्ज करण्यास एतद्देशीयांना बंदी नव्हती. मी तळपद्यांचा उपहास करीत नाही. त्यांच्या नावावर कथा रचणाऱ्यांनी त्याच मुंबईत त्याच दशकात वावरणाऱ्या, ज्याचे कागद आजही वाचता येतात अशा एका कायस्थ प्रभू तरुणाकडे पाठ फिरवली, याची मला चीड आहे.

त्या तरुणाकडे वळण्यापूर्वी नागपूरच्या एम्प्रेस मिलपाशी क्षणभर थांबणे भाग आहे, कारण अंमल म्हणजे काय याचे तेथल्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली. त्या काळच्या ‘म्यूल’ या सूतकताई यंत्रावर सूत आधी ताणून पिळावे लागे आणि मग गुंडाळावे लागे, त्यामुळे यंत्र पुढेमागे फिरे आणि कुशल कारागिराची नजर सदैव त्यावर खिळून राही. उलट ‘रिंग’ पद्धतीच्या यंत्रावर पीळ देणे आणि चातीवर सूत चढणे या दोन्ही क्रिया एकसमयावच्छेदेकरून अखंड चालतात, कारण कड्याभोवती धावणारा एक चिमुकला तारेचा तुकडा त्या दोन्ही साधतो. या युक्तीचे पेटंट अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ सालीच घेतले होते, तरी लँकेशायर तिच्याकडे संशयाने पाहत राहिले. तिला हिंदुस्थानात प्रथम राबविले ते जमशेटजींनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी, या नागपुरात. शोध त्यांचा नव्हता, सनद त्यांची नव्हती, तरी रिंगखात्यात उभ्या राहिलेल्या पिढ्यानुपिढ्यांच्या पोटाला त्या अंमलाने अन्न दिले. ती गिरणी २००२ साली बंद झाली, त्यावर लिहू लागलो तर भिसे राहून जातील.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईस २९ एप्रिल १८६७ रोजी झाला आणि बालपणाचा काही काळ खानदेशात गेला. १८९० च्या दशकात त्यांनी मुंबईत एक वैज्ञानिक मंडळ काढले आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही यंत्राइतकी मोलाची वाटते, कारण यंत्रविद्या मराठीत लिहिता येते असे मानणारा शोधक आपल्याकडे त्यापूर्वी क्वचित आणि त्यानंतरही क्वचितच झाला. लंडनच्या एका शोधकांच्या नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेत, राशीतून नेमके वजन काढून माल आपोआप वाढून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेबद्दल त्यांना बक्षीस मिळाले, आणि दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते दादाभाई नौरोजींकडे विलायतेस दाखल झाले. तेथे त्यांनी केलेल्या विजेच्या जाहिरात-फलकाचे, व्हर्टोस्कोपचे, प्रदर्शन क्रिस्टल पॅलेसमध्ये झाले. पुढे आयुष्यभरात त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे जमा झाली. त्यांत स्वयंपाकघरातील उपकरणांपासून औषधापर्यंत सर्व काही आहे, आणि त्यांपैकी पुष्कळशांचा उल्लेख मी मुद्दामच टाळतो, कारण त्या संख्येच्या मोहानेच भिशांचे चरित्रकार वाहवत गेले.

खरा भिसे खिळे ओतण्याच्या यंत्रात आहे. आजच्या वाचकास छापखान्यातला शिशाचा खिळा हातात धरल्याची आठवण नसेल, म्हणून सांगतो. मातृका म्हणजे अक्षराचा खोलगट ठसा. ती साच्याच्या तोंडाशी घट्ट बसवावयाची, शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू पंपाने जोरात आत लोटावयाचा, तो निमिषात गोठला की साचा उघडून खिळा बाहेर टाकावयाचा. अँटिमनीमुळे धातू कठीण होतो आणि निवताना फारसा आक्रसत नाही, म्हणून अक्षराची धार शाबूत राहते. लिनोटाइप अख्खी ओळ एका सळईत ओतते, मोनोटाइप एकेक सुटा खिळा ओतून ओळीत लावते. भिशांनी धरलेला हव्यास असा की सुट्या खिळ्यांचे स्वातंत्र्य न गमावता एकाच ओतणीत अनेक खिळे निर्माण व्हावेत. अडचण कोठे येते, हे ज्याने ओतकाम केले आहे त्यालाच कळेल: साचे जितके अधिक तितकी उष्णता विषम, एका कोपऱ्यातला धातू गोठतो तोवर दुसऱ्या कोपऱ्यातला ओलाच असतो, आणि एका खिळ्याच्या उंचीत केसाएवढा फरक पडला तरी छापताना ते अक्षर एकतर उमटत नाही किंवा कागद फाडते. त्यांच्या तपशीलपत्रांची पाने या संकटाशी केलेल्या झुंजीने भरलेली आहेत, आणि त्यांतील वाक्यरचना अशी की एक शब्द काढला तर यंत्र थांबेल.

आम्ही उमेदवार असताना अखंड (काना-मात्रेसह एकसंध) आणि डिग्री (तुकडे जोडून लावावयाच्या) अशा दोन्ही पद्धतींच्या खिळ्यांनी भरलेल्या खणपेट्यांपुढे उभे राहत असू. इंग्रजी जुळाऱ्यास हात जरा लांबवला की सगळी वर्णमाला सापडे, आम्हांस मात्र जोडाक्षरे, मात्रा, रफार यांच्या शेकडो घरांतून बोटे फिरवावी लागत. त्यात ‘र’च्या काना-मात्रांचे खिळे सर्वांत आधी झिजत आणि त्यांची भरपाई मुंबईच्या फाउंड्रीतून येईपर्यंत मजकुराची शब्दरचना बदलण्याची वेळ संपादकांवर येई. खिळे स्वस्त, मुबलक आणि जागच्या जागी ओतता आले असते तर देवनागरी मुद्रणाचे निम्मे दैन्य संपले असते, ही जाणीव असलेल्या माणसाने भिशांचे कागद वाचले तर तो त्यांना कोणत्या अमेरिकन शोधकाची हिंदी आवृत्ती म्हणणार नाही. ‘भारताचे एडिसन’ ही पदवी मला सहन होत नाही. १९३० साली भिसे एडिसनला भेटले, एवढे त्या दोघांचे नाते पुरेसे आहे.

भिसोटाइपचे, म्हणजे या ओतयंत्राचे, पुढे जे झाले त्याचे खापर इंग्रजांवर फोडण्याची पद्धत आहे. लंडनच्या टाइप-ओतकऱ्यांनी भिशांपुढे आव्हान टाकले, त्यांनी ते पेलून यंत्र उभे केले. परंतु भांडवलासाठी दादाभाईंच्या ओळखीने समाजवादी पुढारी हिंडमन यांच्यामार्फत चाललेली खटपट १९०७–०८ च्या सुमारास निष्फळ ठरली, आणि भिसे १९०८ अखेरीस मुंबईस परतले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांची गाठ जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांच्याशी घालून दिली आणि १९१० साली टाटा–भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघाले. पैसा एतद्देशीय, शोधक एतद्देशीय, हेतू देशभक्तीचा, तरीही सिंडिकेट टिकले नाही. यंत्र एक उभे करणे आणि तेच यंत्र शंभर छापखान्यांत बिनतक्रार चालविणे यांच्यामध्ये सुटे भाग, दुरुस्ती करणारे मिस्त्री, उधारी आणि धीर यांचे जे लांबलचक अंतर असते, ते लिनोटाइपच्या मालकांनी वर्षानुवर्षे भांडवल ओतून कापले. आपल्याकडे त्याची तयारी नव्हती. भिसे न्यूयॉर्कला गेले, तेथे १९२० च्या सुमारास त्यांच्या आदर्श टाइप-कास्टरची कंपनीही निघाली. पण उत्तरायुष्यात त्यांना पैसा आणि लौकिक मिळवून दिला तो ‘अ‍ॅटोमिडीन’ या आयोडिनच्या औषधाने, खिळ्यांनी नव्हे. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या तपशीलपत्रांचे मराठी भाषांतर छापावे, अशी विनंती मी अनेक मंडळांस केली. पुतळ्याच्या वर्गणीस सारे तयार असतात.

घरगुती वस्तूंचे प्रकरण मी भराभर उरकतो, कारण त्यावर रंगीत पुरवण्यांतून पुरेशी शाई सांडली आहे. १८९७ साली कुलपांपासून आरंभ करणारे अर्देशीर गोदरेज, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, १९६३ चा सुमीत मिक्सर, हे सर्व आपल्या जागी थोर आहेत. मिक्सरविषयी एवढेच म्हणतो की विलायती यंत्रे ओली डाळ आणि सुके खोबरे यांच्यापुढे जळत असता, आपल्या वाटणाचा भार सोसणारी मोटार बनविणारा अभियंता पाटावरवंट्याकडे नीट पाहून आला होता.

पुन्हा नागपूर. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून जन्मलेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सत्तरीच्या दशकात पाण्यातील फ्लोराइड काढण्याची एक रीत सिद्ध केली. पाण्यात चुना आणि तुरटी घालावयाची, निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर, मग ढवळणे, गाळ बसू देणे, गाळणे. फ्लोराइड तुरटीच्या साक्यास चिकटून तळाशी जाते. बादलीत होते, गावच्या टाकीतही होते, वीज लागत नाही. रीत नागपूरची, पण ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून जगभर गेली. ज्या जिल्ह्यातल्या माणसांचे दात आणि हाडे त्या पाण्याने गेली, त्याचे नाव तिला लाभले. आमच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही हेच पाणी आहे, आणि रोज मोजून तुरटी घालणारा हात गावोगाव टिकवून धरणे हेच या रीतीचे सर्वांत अवघड अंग ठरले. करोनाच्या काळात मिठाच्या पाण्याची गुळणी करून नमुना घेण्याची पद्धतही याच संस्थेची, आणि २०२१ साली तिचे तंत्र कोणाही एकाच्या मालकीत न जाता सर्वांसाठी खुले झाले.

१९७० च्या कायद्याने भारतीय शोधकबुद्धी मारली, असे हल्लीचे काही अर्थपंडित लिहितात. त्या कायद्याच्या मुळाशी असलेला न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल या मंडळींनी उघडलेला दिसत नाही. तयार औषधावर नव्हे तर केवळ कृतीवर सनद देणाऱ्या त्या कायद्यामुळे निराळ्या कृतीने तेच औषध बनविण्याची विद्या देशात वाढली. २००५ पासून वस्तूवरही सनद मिळू लागली तरी त्यातले अंमलाचे कलम जिवंत राहिले. मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा सक्तीचा परवाना नॅटको या देशी कंपनीला देण्यात आला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला, आणि त्या निर्णयाच्या कारणांत हा शोध देशात पुरेसा राबविला गेला नाही हेही एक होते.

आता आमच्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांची अवस्था. मूल्यांकनाच्या गुणांसाठी प्राध्यापकांस दरसाल पेटंटाचा अर्ज सादर करावयाचा असतो; शैक्षणिक संस्थांस २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे; आणि अर्ज नुसता प्रसिद्ध झाला की, तपासणी होऊन सनद मिळण्यापूर्वीच, स्वागतकक्षात चौकट लागते. एका महाविद्यालयात मला परीक्षक म्हणून बोलाविले असता, आठ प्राध्यापकांच्या नावे असलेल्या एका ‘बुद्धिमान कचराकुंडी’च्या हक्कमागण्या मी वाचावयास मागितल्या. कागद मुंबईच्या एका एजंटाने लिहिला होता आणि तो आठांपैकी कोणी वाचला नव्हता. कुंडी कोठे आहे, असे विचारता चहा मागविण्यात आला.

सनदधारकाने आपला शोध देशात राबविला की नाही, हे कळविण्याचा सत्तावीस क्रमांकाचा एक नमुना या कायद्यात आहे. कोणी आवडीने भरत नाही असा तो कागद. मला मात्र सबंध कायद्यात तोच सर्वांत प्रिय, कारण शोधकास ‘चालते का?’ असे सरकार फक्त तेथेच विचारते. पूर्वी तो दरसाल भरावा लागे. मार्च २०२४ च्या नियमांनी तो तीन वर्षांतून एकदा भरला तरी चालेल असे ठरविले, आणि त्याविरुद्ध मी दिल्लीस धाडलेल्या अर्जाची पोच अद्याप आलेली नाही.