आग्रा-मुंबई रस्ता : माती, पाणी आणि उतार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते आमचे भूगोलाचे सर वर्षाच्या पहिल्या तासाला नकाशा उघडीत नसत. खिडकीतून दिसणाऱ्या कौलांकडे बोट दाखवून ते विचारीत, "या छपरावर पडलेले पाणी कोठे जाते?" आम्ही बहुतेक जण 'नर्मदेत' असे ठोकून देत असू. खरे उत्तर असे की इंदुरात पडलेले पाणी खान नदीतून क्षिप्रेला, क्षिप्रेतून चंबळेला, पुढे यमुना-गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. गावाचा व्यापार, नातीगोती आणि आगगाडीची तिकिटे मुंबईकडची. पाणी मात्र पाठ फिरवून उत्तरेला वाहणारे. पुढे रस्ते आखण्यातच माझे आयुष्य गेले, आणि सरांचा तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. एकदा तो चुकलाही. त्याविषयी आणि आपल्या दारातून जाणाऱ्या महामार्गाविषयी आज बोलणार आहे.

नाशिककर ज्याला मुंबई-आग्रा रस्ता म्हणतात, तोच आपला ए. बी. रोड. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो पक्का करीत नेला. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली, महूला छावणी बसली, आणि माळव्यातील अफू मुंबई बंदराकडे जाऊ लागली. या तिन्ही गोष्टींना बारमाही वाट हवी होती. १८५४ साली आग्र्याहून मुंबईकडे गेलेली तारही इंदुरावरूनच गेली. पुढे दीर्घ काळ हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० च्या नव्या क्रमवारीत त्याचे तुकडे पडले, आणि देवास-इंदूर-सेंधवा-धुळे हा भाग आता क्रमांक ५२ मध्ये मोडतो. क्रमांक बदलला तरी माती बदलत नाही, आणि रस्त्याचे खरे वैर मातीशीच असते.

माळव्याची काळी माती शेतकऱ्याला जितकी उदार, तितकीच रस्त्याला कठोर. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतरचे पाणी आत शिरेनासे होते. ते कोठल्याही नाल्याचा आधार न घेता शेतांवरून पातळ चादरीसारखे पसरत जाते. पावसाळ्याचे चार महिने गाडे आखाभर रुतत, म्हणून जुन्या काळी फौजासुद्धा दसऱ्यानंतरच बाहेर पडत. गाडीवाटा शक्य तेथे मुरमाड उंचवटा धरून चालत. वळणे पडली तरी त्यांना चालत असे, कारण बैलाला अंतरापेक्षा चिखलाचे भय अधिक.

आम्ही अभियंत्यांनी या मातीवर भराव घातला, त्यावर मुरूम आणि काळ्या फत्तराची खडी अंथरली, आणि रस्ता सरळ केला. हे योग्यच झाले. पण सपाट शेतातून गेलेला भराव हा रस्ता असतो तसाच तो बांधही असतो.

नोकरीच्या आरंभी देवासच्या बाजूला एका लहान रस्त्याची आखणी माझ्याकडे होती. नकाशावर दोन किलोमीटरची सुरेख सरळ रेषा आली होती. मोजणीच्या वेळी गावचे वृद्ध पटेल आमच्या मागून चालत होते. एका ठिकाणी थांबून ते म्हणाले, इथे पाणी धावत येत नाही, पसरत येते. इथे जागा सोडा. नकाशावर तेथे नाला नव्हता. मी एक नळाची मोरी दाखवली आणि पुढे गेलो. भराव पुरा झाल्यावर आषाढात तीन दिवस पाऊस लागला. वरच्या अंगाचे पाणी भरावाला अडले आणि सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभे राहिले. मुळे कुजली. बियाणे उसनवारीचे होते, हे मला नंतर कळले. पटेलांनी एका शब्दाने दूषण दिले नाही. मला भरावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेले, इतकेच. आराखड्यावर सही माझी होती. पुढच्या उन्हाळ्यात तेथे तीन मोऱ्या बांधल्या. नुकसानभरपाईची तरतूद कोठल्याही शीर्षाखाली बसली नाही.

महामार्गाच्या बाबतीत हाच हिशेब मोठा होतो. साठ मीटर रुंदीचा पट्टा घेतला, तर दर किलोमीटरला सहा हेक्टर, म्हणजे जवळजवळ पंधरा एकर जमीन जाते. तिचा मोबदला तरी मोजता येतो. पण विहीर रस्त्याच्या अलीकडे आणि शेत पलीकडे राहिले, किंवा बैलजोडी घेऊन दोन मैलांचा वळसा पडला, तर त्याचा दर कोणत्या रकान्यात लिहायचा? इंदुराभोवती नव्या वळणरस्त्यांच्या आखण्या होत आहेत, तेथील शेतकरी आज हेच विचारीत आहेत.

आता घाटाकडे येऊ. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर खलघाटला नर्मदा साधारण दीडशे मीटरवर वाहते. महूच्या दक्षिणेस माळव्याचे पठार एकदम तुटते. हा विंध्याचा कडा. मानपुराजवळच्या जानापावला चंबळ उगम पावते आणि उत्तरेला निघते, तर कड्यापलीकडच्या उतारावरचे पाणी नर्मदेतून भडोचकडे, अरबी समुद्राला जाते. म्हणजे भारताचा एक मोठा जलविभाजक आपण ट्रकच्या धुरात, नकळत ओलांडतो.

हा कडा उतरण्यास प्रत्येक काळाने आपली खिंड निवडली. महेश्वरच्या वाटेवर अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा जाम दरवाजा अजून उभा आहे. दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन आणलेली खांडवा-इंदूर आगगाडी पाताळपाणी-कालाकुंडाच्या दरीतून चढली. हमरस्त्याने मानपूर-गुजरीची बाजू धरली.

घाटरस्त्याचे गणित चढणीवर नव्हे, उतरणीवर ठरते. डोंगराळ भागात वीस मीटरला एक मीटर हा उतार आपल्याकडे नेहमीची मर्यादा मानला जातो. उतार त्याहून तीव्र किंवा सलग लांब झाला, तर भरलेल्या ट्रकचा चालक सतत ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड असेल तर विचारूच नये. चौपदरीकरणानंतर धामनोदच्या अलीकडे गणपती घाटात हेच वर्षानुवर्षे घडत राहिले. ब्रेक निकामी झालेले ट्रक पुढच्या वाहनांवर आदळत, दुभाजक ओलांडून समोरच्यांवर जात, पेट घेत. सूचनाफलक लागले, गतिरोधक झाले. मुळातला उतार तसाच होता. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस उतरणाऱ्या वाहनांसाठी जवळजवळ नऊ किलोमीटरचा सौम्य उताराचा वेगळा मार्ग खुला झाला. पहिल्याच आखणीत हे अंतर मान्य केले असते, तर किती घरे वाचली असती, हा विचार माझ्या व्यवसायातील माणसाला सुखाने झोपू देणारा नाही.

खाली खलघाटचा पूल. १८ जुलै २०२२ रोजी इंदुराहून अमळनेरला निघालेली एस. टी. बस तेथून नर्मदेत कोसळली. आपल्यापैकी कित्येकांची माहेरे, सासरे याच वाटेवर, खानदेशात आहेत. ती बातमी ज्या घरांत ऐकली गेली, त्यांना अधिक सांगणे नको.

दिवाळीत आपण नाशिककडे, धुळ्याकडे जाल तेव्हा मानपूर मागे पडल्यावर थोडे खिडकीबाहेर पाहावे. मानपुरापर्यंतचे ओहोळ मागे, इंदुराच्या दिशेने वाहताना दिसतील. पुढचा पहिलाच ओहोळ आपल्याबरोबर खाली निघालेला असेल. मुले बरोबर असतील तर गाडी क्षणभर सुरक्षित जागी थांबवून त्यांना तो दाखवावा, आणि शाळेच्या छपराचा प्रश्न जरूर विचारावा.