वाहनचोरी : पोलिसांच्या कामाचा हिशेब कसा मांडावा?

राधानगरीच्या बाजारात दुकानासमोरून मोटारसायकल गेली की लोक म्हणतात, पोलीस काय करतात? पुढे टोळी पकडल्याची बातमी आली की तेच लोक शाबासकी देतात. आम्हाला दोन्ही घाईचे वाटते. आम्ही कापडवाले, गल्ल्यात आलेली सगळी रक्कम नफा नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. जप्त गाड्यांचा आकडा हा असाच गल्ला आहे.

आधी पाहावे की तक्रारी नोंदल्या जातात का. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असे सांगून परत पाठवलेला माणूस कोणत्याच आकड्यात येत नाही. मग दप्तरात चोऱ्या घटल्या असे दिसते. येथून एक रस्ता दाजीपूरवरून फोंडा घाटाने कोकणात उतरतो, दुसरीकडे निपाणीमार्गे कर्नाटक जवळ. दोन दिवसांत गाडी कुठल्या कुठे जाते! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार खबर ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

दुसरे, सापडलेली गाडी मालकाला कधी मिळाली? ठाण्याच्या आवारात गंजणारी गाडी व्यापाऱ्याच्या काय कामाची? जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत, योग्य जामीन व हमी घेऊन सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले आहे. मालकाने कोर्टात अर्ज करावा.

चोऱ्या खरोखर घटल्या तरी श्रेय कोणाचे, हे तपासावे लागते. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इंजिन अडवणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप सक्तीचे झाले. तेथे चोऱ्या घटल्या त्यात या कुलपाचा वाटा मोठा आहे.

गाडी सापडलीच नाही तर पोलीस कोर्टात ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विमा कंपनी भरपाईसाठी सहसा हाच कागद मागते. तो रखडला की छोट्या दुकानदाराचे पैसे अडकतात आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून हा कागद किती दिवसांत निघतो, हेही पोलिसांच्या कामाचे माप आहे. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. फिर्याद लगेच दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून खरा दावा फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आहे. ते प्रकरण ट्रॅक्टरच्या चोरीचे होते. गाडीच्या दोन्ही किल्ल्या मात्र सांभाळून ठेवा, कंपनी त्या मागते.