पहिले पुस्तक स्वतः काढताना

आपल्यातला लेखक पहिले पुस्तक पदरच्या पैशाने काढतो, तेव्हा बहुधा त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो. त्यात कमीपणा काही नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अध्यक्षीय भाषण जसेच्या तसे पचले नाही. बाबासाहेब मजकूर बदलायला तयार झाले नाहीत, परिषद रद्द झाली, आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे ठेवली म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ती दोन आणे, फार तर चार आणे करावी असे सुचवले. म्हणजे किमतीचा वाद तेव्हापासूनचा आहे. पण इथे मला महत्त्वाची वाटते ती मजकुराची राखण.

कारण माझी चूक तिथेच झाली. माझ्या पहिल्या कथासंग्रहात एक बाई माझ्या आईसारखी बोलते. ‘व्हतं’, ‘आमास्नी’, ‘गेल्याली’ असे तिचे शब्द. अक्षरजुळणी करणाऱ्याने आणि मुद्रितशोधकाने मिळून ते सगळे ‘शुद्ध’ केले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या लेखी त्या चुकाच होत्या. मी पहिले प्रूफ वाचले, दुसरे वाचले नाही. कॉलेजात पेपर तपासायला आले होते आणि पुस्तक ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न्यायचे होते. छापून आल्यावर आईला वाचून दाखवले. दोन पाने ऐकून ती म्हणाली, “ही कुठल्या साळंतली मास्तरीण हाय रं?” पतपेढीचे कर्ज काढून हजार प्रती छापल्या होत्या.

तेव्हा हस्तलिखितासोबत एक कागद द्यावा: संवादातले अक्षरही बदलू नये, आणि बोलीतले हे हे शब्द असेच राहतील. शेवटचे प्रूफ ती बोली बोलणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावे. त्याला लिहिता-वाचता येत नसले तरी बिघडत नाही. चूक त्याच्या कानाला कळते. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये नेला की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो. म्हणून असे प्रत्येक रूपांतर झाल्यावर मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचावा, कितीही कंटाळा आला तरी.

खर्चाचे गणित फर्म्याचे असते. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ११२ पाने सात फर्म्यांत बसतात. ११४ झाली की दोन पानांसाठी जादा छपाई आणि कागद. अर्पणपत्रिका, मनोगत, प्रस्तावना धरूनच पाने मोजावीत. (प्रस्तावनेसाठी मोठ्या नावाच्या दारात वर्षभर ताटकळलेले मित्र मी पाहिले आहेत. पुस्तक त्याविना अडत नाही.) हजार प्रती छापल्या की एका प्रतीचा खर्च कमी येतो हे खरे, पण न खपलेली प्रत स्वस्त कशी म्हणावी? आता दोनशे-तीनशे प्रतीही छापून मिळतात. तेवढ्यावर सुरुवात करावी. विक्रेते तीस-चाळीस टक्के सूट मागतात, ती धरूनच किंमत ठरवावी.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे प्रकाशक पुष्कळ झाले आहेत. सही करण्याआधी ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे वाक्य करारात आहे का ते पाहावे. १९५७ च्या कायद्याने लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मात्र सही करून तो गमावता येतो. आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे वेगळे पैसे कोणी लावले तर हिशेब मागावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. कर्ज काढण्यापूर्वी तिकडे चौकशी करायची असते, हे मला कर्ज काढल्यावर कळले.

आणखी एक गोष्ट आपण हमखास विसरतो. स्वतः पुस्तक काढणारा कायद्याने प्रकाशकच. १९५४ च्या कायद्यानुसार त्याने प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. माझ्या आजीचे नाव कुठल्याही दप्तरात नाही. या चार ठिकाणी ते आता अर्पणपत्रिकेत आहे. मी मात्र या प्रती पाठवण्याआधी रात्रभर बसून प्रत्येक ‘होतं’चे पेनाने ‘व्हतं’ केले.