बारा सेकंदांची बारी आणि माईकवरचा माणूस

आमचा विषय ऐकून समोरच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आम्हाला दिसलं. तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि बैलगाड्यावर बोलणार! पण पारगावात येऊन आम्ही कांट सांगत बसलो असतो, तर तुम्ही सभ्यपणे ऐकून घेतलं असतं आणि घरी जाऊन घाटाच्याच गप्पा मारल्या असत्या. तेव्हा घाटाचंच बोलू. जुन्नरचं पारगाव तर्फे आळे घ्या नाहीतर आंबेगावचं पारगाव, चैत्र लागला की दोन्हीकडे बोलण्याचा विषय एकच असतो.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. आमचा नातू तेरा वर्षांचा आहे आणि त्याला ड्रॅग रेसिंगचं वेड आहे. ही अमेरिकेतली शर्यत. सरळ पट्टा, पाव मैल म्हणजे साधारण 402 मीटर, दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. वळण नाही, डावपेच नाहीत, काही सेकंदांत खेळ खलास. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. तर या नातवाला आम्ही कौतुकाने यात्रेला नेलं, घाट दाखवला. भंडारा उधळला, 'भिर्रर्र' झालं, गाडा गेला. नातवाने विचारलं, "आजोबा, आता जो गाडा गेला तो आधीच्यापेक्षा चांगला का पळाला?"

आम्ही सांगितलं, "बैल चांगले होते."

तो म्हणाला, "ते कळलं. पण का?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून घाट बघत आलोय, पण सांगता आलं नाही. मग आम्ही माईककडे कान लावला, की निवेदक तरी काही सांगेल. निवेदकाने गाडामालकाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, देणगीदाराचं सांगितलं, बैलाला वाघाची उपमा दिली, एक शेर म्हटला आणि पुढची बारी पुकारली. आवाज खणखणीत होता, पण त्यातून 'का'चं उत्तर मिळालं नाही.

ॲरिस्टॉटलने ज्ञानाच्या दोन पायऱ्या केल्या आहेत. एक, 'असं आहे' हे कळणं. दुसरी, 'असं का आहे' हे कळणं. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्षाचेच दोन प्रकार मानतात: निर्विकल्पक आणि सविकल्पक. पहिल्यात वस्तू डोळ्यांपुढे येते, पण ती काय आहे याचं नाव-गाव मनात उमटलेलं नसतं. दुसऱ्यात 'हे अमुक आहे' असं कळतं. आमचा नातू घाटावर निर्विकल्पक अवस्थेत उभा होता. खरं तर आम्हीही होतो, फक्त पन्नास-साठ वर्षं उभे होतो एवढाच फरक.

आता ड्रॅग रेसिंगचे निवेदक काय करतात ते पाहा. शर्यतीआधी गाडी जागच्या जागी मागची चाकं गरगर फिरवते, धुराचा लोट उठतो. नवख्याला वाटतं, शायनिंग चाललीय. निवेदक सांगतो, की असं केल्याने टायर तापतो, त्यावरची घाण जाते आणि त्याची पकड वाढते. एका वाक्यात तमाशाचं तंत्र झालं! पुढच्या वेळी प्रेक्षक धुराकडे बघत नाही, टायर बघतो. मग दिव्यांचा खांब येतो. त्याला ते लोक नाताळचं झाड म्हणतात, 1963 पासून तो वापरात आहे. पिवळे दिवे, मग हिरवा. इथे एक मौज आहे. गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही, गाडी प्रकाशाचा किरण ओलांडून जागची हलली की सुरू होतं. त्यामुळे कमी सेकंद नोंदवणारी गाडीसुद्धा हरू शकते, कारण तिचा चालक दिव्यानंतर डुलकी घेत बसला! हे ज्याला सांगितलेलं नाही, त्याला वाटणार की पंचांनी लबाडी केली.

शिवाय त्या पट्ट्यावर शेवटाला एकच घड्याळ नसतं, मधल्या टप्प्यांवरही वेळ मोजतात. पहिला टप्पा 60 फुटांवर. तिकडचे जाणकार असं धरून चालतात, की या 60 फुटांत वाचवलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी दीडपट-दुप्पट होऊन हाती येतो. म्हणजे शर्यत जिंकली जाते सुरुवातीला आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो शेवटाला. निवेदकाचं काम हे, की त्याची नजर वेळेवर सुरुवातीकडे वळवायची.

आता आपल्या घाटाकडे या. ड्रॅगमध्ये दोन गाड्या शेजारी पळतात, कोण पुढे ते डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे एका वेळी एकच गाडा पळतो. साताऱ्या-सांगलीकडे छकडे शेजारी-शेजारी धावतात, तिथे चुरस दिसते. आपल्या घाटात प्रतिस्पर्धी म्हणजे एक आकडा. दोन तासांपूर्वी कुणीतरी काढलेले सेकंद, तेच समोर पळत असतात, आणि ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणून आमचं म्हणणं असं, की जगातल्या कुठल्याही शर्यतीपेक्षा आपल्या घाटाला चांगल्या निवेदनाची गरज जास्त आहे. तो न दिसणारा गडी शब्दांनीच उभा करावा लागतो.

सांगण्यासारखं किती आहे बघा. गाड्याला चार बैल. मागे धुरेची जोडी, पुढे जुकाटाची. त्यांच्या पुढे घोडी, तिच्यावर स्वार. गाड्यात हाकणारा कुणी नाही. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तिच्या व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावं आहेत आणि 'गाडीवानासह किंवा गाडीवानाशिवाय' असा उल्लेख आहे, तो यासाठीच. शहरातल्या पाहुण्याला हे सांगितलंत तर तो खुर्चीतून उठेल. चार जनावरं, वर माणूस नाही, आणि सरळ रेषेत पळतात? कशी? पाहुण्याला वाटतं घोडी शोभेसाठी. खरं तर बैलांना पुढची रेषा तीच देते. ती फार पुढे निघून गेली तर बैलांसमोरून रेषा नाहीशी होते, मागे रेंगाळली तर त्यांची वाट अडते.

मग जुंपणी. चौघं एकदम सुटले पाहिजेत. एक बैल अर्धं पाऊल मागे राहिला, तर त्याचं जू तिरकं होतं आणि जोडीदाराची ताकद पुढे ओढण्याऐवजी बाजूला खेचण्यात जाते. हे पहिल्या चार-पाच ढांगांत ठरून जातं. म्हणजे आपले 60 फूट तेच. आणि त्या वेळी सगळा घाट कुठे बघत असतो? वर, निशाणाकडे!

इथे भीमाशंकर कारखान्याच्या रस्त्याला तुम्ही उसाच्या गाड्या ओढणारे बैल पाहिलेत. ती ताकद वेगळी. तिथे भार मोठा, चाल संथ, आणि दम तासन् तास टिकवायचा असतो. घाटातल्या खिलार बैलाला भार थोडा आणि वेळ त्याहून थोडा. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल यांत जो फरक, तोच. 'ताकदवान बैल' एवढं म्हटल्याने दोघांचंही वर्णन होत नाही.

आता घड्याळ. तुमच्यातल्या चौघांना मघाशी आम्ही मोबाईलवरचं स्टॉपवॉच काढायला सांगितलं. आम्ही दोन टाळ्या वाजवल्या, मधलं अंतर मोजायचं होतं. काय आलं? 3.12, 3.31, 2.97 आणि... तुमचं सुरूच झालं नाही. असू द्या. एकच घटना, शांत सभागृह, आणि तरी तिघांत तिसरा हिस्सा सेकंदाचा फरक. आता हिशोब करू. समजा घाट 150 मीटर आहे आणि गाडा 12 सेकंदांत गेला. सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर, तासाला 45 किलोमीटर. एक दशांश सेकंदात गाडा सव्वा मीटर जातो, एक शतांशात साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. हाताने घड्याळ दाबून दोन गाड्यांत अर्ध्या वितीचा निवाडा होईल का? आणि आपल्याकडे तर ठरलेल्या सेकंदाच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढचे दुसऱ्या नंबरात. काठावरच्या गाड्याचं वर्षभराचं नशीब एका अंगठ्यावर.

यात आणखी एक खोच आहे. सुटणारा गाडा अचानक सुटतो, म्हणून बटण उशिरा दाबलं जातं. येणारा गाडा येताना दिसत असतो, म्हणून शेवटी बटण वेळेवर पडतं. परिणामी हाताचं घड्याळ वेळ कमी दाखवतं, गाड्याची खुशामत करतं. धावण्याच्या स्पर्धांत हे इतकं ओळखीचं आहे, की 100 मीटरची हाताने घेतलेली वेळ विजेच्या घड्याळाशी ताडून बघताना तीत 0.24 सेकंद मिळवायची रीत होती. 1977 पासून कमी पल्ल्याच्या धावण्याचा जागतिक विक्रम हाताच्या घड्याळावर धरतच नाहीत. तेव्हा 'मागच्या साली अमक्या बैलांनी अमके सेकंद काढले होते' असं कुणी म्हणालं, की आधी विचारा, घड्याळ कोणतं होतं? घाट किती लांब? चढ किती? हे तीन प्रश्न निवेदकाने दिवसाच्या सुरुवातीला एकदा सोडवून टाकले, तर संध्याकाळची निम्मी भांडणं होणार नाहीत. आम्ही एकदा अशा भांडणात मध्यस्थी करायला गेलो होतो. सदऱ्याचा खिसा फाटला, एवढंच सांगतो.

निवेदकांवर आमचा राग नाही, उलट कणव आहे. सकाळी माईक हातात घेतलेला माणूस दिवस मावळेपर्यंत बोलत असतो. शेकडो गाडे, प्रत्येकामागे मालक, भागीदार, गाव, मंडळ. एक नाव राहिलं तरी रुसवा. त्यात बारी बारा सेकंदांची, तेवढ्यात स्पष्टीकरण कसं बसवायचं? तर बारीत ते बसवायचंच नाही. जुंपणीला काही मिनिटं जातात, बोलायची जागा ती. पुढे काय बघायचं ते तिथे सांगा, बारीत गप्प बसा किंवा ओरडा, आणि बारीनंतर एका वाक्यात कारण द्या. बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे. ज्यांनी स्टेडियम कधी पाहिलं नव्हतं अशा बायाबापड्यांना त्यांनी मैदान दाखवलं. घाटाला असा माणूस मिळू नये असं थोडंच आहे?

एक पथ्य मात्र आहे. कारण ठाऊक नसेल तर बनवू नका. 'बैलाचं मन नव्हतं' हे कारण नव्हे, ती पळवाट झाली. 'आम्हाला दिसलं नाही' असं म्हणणारा निवेदक आम्हाला जास्त भरवशाचा वाटेल.

आता हे सगळं कशासाठी, तर ऐका. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. त्या वेळी न्यायालयापुढे एक प्रश्न होता, की बैल हा मुळात पळण्यासाठी घडलेला प्राणी आहे का? घोड्यासारखी त्याची ठेवण आहे का? इकडे आपण चिडलो, मोर्चे काढले. पण गावागावात कुणाला विचारलं असतं, 'बैल कसा पळतो ते सांगा', तर 'वाऱ्यासारखा' याखेरीज काय मिळालं असतं? ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारे गोठ्यात होते आणि त्यांच्या हातात माईक कुणी दिला नव्हता. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. मधली साडेसात वर्षं घाट सुने होते. तेव्हा पाच वर्षांचं असलेलं पोर आज कॉलेजात आहे, त्याने घाट बघितला तो मोबाईलच्या तुकड्यांत. आणि जाणते एकेक करून चाललेत.

दुसरंही आहे. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना आता नियमांनी मनाई आहे. पण दोन-चार अधिकारी किती बघणार? ज्या प्रेक्षकाला बैलाची ढांग वाचायला शिकवलंय, त्याला लंगडणारा पाय आधी दिसतो. ज्याला फक्त मालकाचं नाव ऐकवलंय, त्याला मालकच दिसतो. प्राणिमित्रांचे सगळे आक्षेप आम्हाला पटतात असं नाही, पण सगळे खोटे आहेत असंही आम्ही म्हणणार नाही. जनावर बोलत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघणारे डोळे तरी शिकलेले हवेत.

आमच्या मनातलं निवेदन कसं असेल, ते करून दाखवतो. हसू नका, आवाज म्हातारा आहे.

"मंडळी, आता जुकाटाला डावीकडे जो कोसा बैल आहे त्याच्याकडे बघा. मागच्या बारीत तो सुटताना अर्धं पाऊल मागे राहिला होता, म्हणून गाडा उजवीकडे ओढला गेला. आज त्याच्याजवळ दुसरा माणूस उभा केलाय. सकाळपासूनची चांगली वेळ आहे 11 सेकंद 80. तो गाडा घाटाच्या मध्यावरच्या पिवळ्या झेंडीपाशी सहाव्या सेकंदाला होता. तुम्हीही मनात मोजा. घोडी सुटली... एक, दोन, तीन... सरळ आलाय... पाच, सहा, झेंडी मागे पडली! पुढे आहे, अजून पुढे आहे, चढावर धुरेचा बैल कमी पडतोय... निशाण! 11 सेकंद 90. झेंडीपर्यंत जिंकलेला गाडा चढावर हरला. मालकांनी आता धुरेची जोडी बघावी."

त्यानंतर नाव, गाव आणि भंडारा काय हवा तेवढा होऊ द्या.

बोलताना आम्हाला पाणी लागलं, तसं त्या कोश्यालाही लागलं असेल. आता प्रश्न घेऊ. मागे बसलेले पागोटेवाले बाबा मघापासून मान हलवतायत, बहुधा आमचं धुरेचं काहीतरी चुकलंय. माईक आधी त्यांच्याकडे द्या.